वाघाशी कानडीत बोललेली आई

माझी आई विनोदी होती, हे मला चाळिशीत कळलं. तेही बेंगळुरूत, वाघ दाखवणाऱ्या बसमध्ये.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून घरात भटजी, पाहुणे, पानं. फोटोतली ती तशीच, ओठ मिटून. येणारा प्रत्येक जण म्हणतोय, "लई शांत बाई होती."

म्हणून हे लिहितेय.

आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, अगदी बॉर्डरवर. घरात कानडी. लग्न होऊन बार्शीला आली तेव्हा आमच्या आजीनं, म्हणजे अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या आईनं, बजावलं, "हितं मराटीच बोलायचं. दोन भाषा झाल्या की पोरं धड एक बी बोलत न्हाईत."

आजी काही दुष्ट नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं.

आईनं ऐकलं. इतकं ऐकलं की आजी गेल्यावरसुद्धा ऐकतच राहिली.

मराठीत ती मोजकंच बोलायची. जेवलात का. दार लावलं का. पोचल्यावर फोन कर.

आम्ही समजून चाललो, स्वभावच अबोल आहे.

महेश, माझा धाकटा भाऊ, बेंगळुरूला नोकरीला. एकदा ख्रिसमसच्या सुट्टीत त्यानं आम्हाला बोलावलं आणि रविवारी तिथल्या नॅशनल पार्कला नेलं. अण्णा, आई, मी आणि तो.

सुट्टीतला रविवार म्हणजे विचारू नका. अख्खं शहर तिथंच लोटलेलं. सफारी बसची लाइन बघून अण्णा म्हणाले, "वाघच आपल्याला बघायला बसलाय वाटतं."

आई नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं. हातात डब्याची पिशवी, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आम्ही वाघाकडंसुद्धा डबा घेऊनच जाणार.

तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ अख्खा कुटुंबकबिला घेऊन मधेच घुसला. महेश आपला "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करत राहिला.

आणि मागून आवाज आला. खणखणीत. कानडीत.

वळून बघते तर आमच्या मातोश्री!

काय बोलली देव जाणे. पण सगळी लाइन हसली. तो गृहस्थसुद्धा हसला आणि "आयतु अव्वा, आयतु" म्हणत बायकापोरांसह मागं गेला.

"आई, काय म्हणालीस?"

"काय न्हाय. मागं जा म्हणलं."

"एवढं लांबलचक?"

"जरा मीठमिरची लावून म्हणलं की."

अण्णा तिच्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांचा संसार, पण ही बाई त्यांनाही नवीनच होती.

बसचा ड्रायव्हर विजापूरकडचा निघाला. आईची बोली ऐकून त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं. मग काय! हरणं आली, अस्वलं आली, गवे आले, आईचं बोलणं थांबेना. पदर सावरायचं भान नाही, दोन्ही हात हवेत. माझ्या आईचे हात एवढे हलतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग वाघ आला. म्हणजे झाडाखाली, आमच्याकडं पाठ करून झोपलेला. सगळ्यांचे मोबाइल काचेला चिकटले. आई उठली, काचेशी गेली आणि त्या पाठीला उद्देशून एकच वाक्य बोलली.

अख्खी बस खो खो हसली. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

हसलो नाही ते फक्त आम्ही तिघं. तिच्या घरचे.

शेजारच्या बाईनं डोळे पुसत मला हिंदीत विचारलं, तुमच्या आई घरी पण अशाच असतात का?

मी हो म्हणाले.

परतीच्या गाडीत, अक्कलकोट रोड स्टेशन मागं पडल्यावर मी विचारलं, "आई, वाघाला काय म्हणालीस गं?"

"मराटीत त्येची मजा न्हाय."

"सांग की तरी."

तिनं सांगितलं. खरंच काही मजा नव्हती. मी उगाच हसले आणि ते तिला कळलं.

"मला शिकव ना कानडी."

"शिकवीन की. सावकाश."

सावकाश म्हणजे कधी, ते आम्ही दोघींनीही ठरवलं नाही. ती बार्शीत, मी सोलापुरात. मला ऑफिस, मुलांच्या परीक्षा. मी मोबाइलवर एक ॲप टाकलं होतं. आईला फोन करायचा सोडून ॲप!

मग गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. सोलापुरात ॲडमिट केलं. शुद्ध आली, पण मराठी परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं, लहानपणची भाषा तेवढी उरते.

कानडी कळणारी मावशी आईच्या माहेराहून निघाली होती. तोवर आम्हीच.

आई जड जिभेनं बोलायची आणि बोलून झालं की आमच्या तोंडाकडं बघायची.

मला वाटलं, बसमधली आई परत आलीय, मस्करी करतेय. म्हणून मी हसायचे. तिला बरं वाटावं म्हणून मोठ्यानं हसायचे. महेश व्हिडिओ कॉलवर हसायचा. अण्णासुद्धा हसायचे, बिचारे.

एका दुपारी ती तेच तेच पुन्हा सांगत राहिली. मी दर वेळी हसत राहिले.

शेवटी शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची सून उठून आली.

"अवो ताई, हसताय काय? घसा वाळलाय म्हणायलेत त्या कवापासनं. पाणी द्या की त्यांना."

मी चमच्यानं पाणी पाजलं. ती पीत राहिली, माझ्याकडं बघत.

दुसऱ्या दिवशी मावशी पोचली, तेव्हा आई बोलायची थांबली होती.

आई, तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं गं.

आम्हा सगळ्यांचा तुला नमस्कार.