हातोडी थांबेल अशी गोष्ट

आमच्या शेडमधल्या किश्श्यांचं आंब्याच्या आढीसारखं आहे. एक काढायला हात घालावा, तर शेजारचे चार आधीच पिकलेले! मी दर वेळी ठरवते की आज एकच सांगून गप्प बसायचं. जमलंय कधी?

शेड म्हणजे बापूंचं आंब्याचं पॅकिंग शेड, हातखंब्याहून रत्नागिरीकडे येताना लागतं ते. बापू बागायतदार. सीझन सुरू व्हायच्या आधी शेड रिकामं असतं, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं तिथे जमतो. बापू, शाळेतून रिटायर झालेले लिमये सर, पंचवीस वर्षं खानावळ चालवलेल्या मंदाकाकू आणि मी. मी बँकेतून रिटायर झाले. कथा लिहिते. चार पुस्तकं आहेत, एकाला बक्षीसही मिळालंय. हे मी सगळ्यांना पहिल्या दहा मिनिटांत सांगते, त्यामुळे तुम्हालाही सांगून टाकलं.

बैठकीचा नियम एकच. गोष्ट तोंडी सांगायची. कागद नाही, मोबाईल नाही.

पाचवा माणूस गंगाराम. तो मेंबर नाही. संगमेश्वराकडच्या आतल्या गावचा, सत्तरीचा असेल. चाळीस वर्षं बापूंकडे लाकडी पेट्या ठोकतोय. आम्ही चहा पीत गोष्टी सांगतो आणि तो कोपऱ्यात फळ्या जुळवून खिळे मारतो. ठक, ठक, ठक. तंबाखूची चंची शेजारच्या अर्धवट ठोकलेल्या पेटीत ठेवलेली, म्हणजे बापूंना दिसत नाही आणि मागता येत नाही.

मला गोष्ट सांगता येते की नाही, हे या माणसाने ठरवलं. त्याने माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही.

*

पहिल्यांदा कळलं ते मंदाकाकूंमुळे.

काकू म्हणाल्या, "मला बाई गोष्ट येत नाही. खानावळीत घडलं तेवढं सांगते."

त्यांच्याकडे एक पोस्टातले गृहस्थ जेवायला यायचे. बारा वर्षं रोज एकच तक्रार, "आमटीत मीठ कमी आहे." काकू वैतागायच्या. एकदा तर चिडून चमचाभर जास्त घातलं, तरी मीठ कमीच!

मग काकूंचे यजमान गेले. तेरावं झालं आणि काकूंनी चौदाव्या दिवशी चूल पेटवली. डोकं ठिकाणावर नव्हतं. आमटीत मीठच घातलं नाही. सगळी पंगत मुकाट जेवत होती. ते गृहस्थ आमटीभात पुरता जेवले, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली, आणि ताट उचलताना म्हणाले, "काकू, आज मीठ अगदी बरोबर पडलंय हो."

काकू थांबल्या. शेडमध्ये इतकी शांतता झाली की मला वाटलं लाईट गेले. मग लक्षात आलं, ठकठक बंद होती! गंगारामची हातोडी वरच्या वर राहिली होती.

ही गोष्ट मी लिहिली असती तर बारा पानं घेतली असती. त्यात चूल आली असती, धूर आला असता, काकूंच्या कपाळाचं वर्णन आलं असतं. काकूंनी चहा निवायच्या आत उरकलं, आणि वर म्हणाल्या, "गोष्ट येत नाही मला"!

*

त्या दिवसापासून आम्ही हातोडीवर कान ठेवायला लागलो. थांबली तर गोष्ट, नाही तर गप्पा.

लिमये सरांना हे पटलं नाही. "साहित्याचा निवाडा खिळे मारणारा करणार?" म्हणाले. पुढच्या शनिवारी ते तयारी करून आले. गोष्टीची सुरुवात समुद्रावरच्या संध्याकाळी. सूर्य खाली जातोय, केशरी, मग तांबूस, मग जांभळट. ढगांच्या कडा, लाटांवरची सोनेरी रेघ. सरांचं मराठी म्हणजे काय सांगू, कान तृप्त होतात. पण पंधरा मिनिटं झाली तरी एक माणूस काही किनाऱ्यावर येईना.

ठक, ठक, ठक.

शेवटी गंगारामने मान वर केली. "सर, सूर्य बुडला काय?"

"का रे?"

"नाय, बुडला असंल तर दिवा लावतंय. मला खिळा दिसत नाय."

सर दोन शनिवार आले नाहीत! तिसऱ्या शनिवारी आले आणि बसता बसताच म्हणाले, "एक माणूस किनाऱ्यावर आला. त्याच्या हातात एकच चप्पल होती." हातोडी थांबली. सरांचा चेहरा तेव्हा काय फुलला! आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, आणि सुरुवात कशी करायची हे सत्तराव्या वर्षी समजलं, असं ते स्वतःच म्हणाले. म्हणायला मोठं मन लागतं.

*

आता माझी फजिती सांगते. लपवून काय उपयोग, बापू सांगणारच आहेत.

माझ्या बक्षीसवाल्या पुस्तकात एक वाक्य आहे. नायक वैशाखातल्या भर दुपारी कातळाच्या उघड्या सड्यावरून अनवाणी नायिकेकडे धावत सुटतो. पुण्याच्या संपादकांनी या वाक्यावर खास पत्र पाठवलं होतं, "काव्यात्म!" मी ती गोष्ट शेडमध्ये सांगितली. त्या वाक्याला आले आणि हातोडी थांबली. मी मनात म्हटलं, जिंकले!

गंगाराम म्हणाला, "ताय, त्याच्या पायास काय बांधलान व्हतान?"

"काही नाही. अनवाणी आहे तो."

"वैशाखात? कातळावर? दुपारचा?" तो विचारात पडला. "मंग त्या पोरीकडं पोचला कसा?"

बापू हसून हसून लोळायचे बाकी होते. मी हट्टाला पेटले. प्रेमात माणसाला चटके लागत नाहीत, असं काहीतरी बोलून गेले. बापू म्हणाले, "अगो वसू, चल, बघूया तर!" आणि वैशाखात मला खरंच गाडीत घालून सड्यावर नेलं. काळा कातळ नुसता भाजत होता. मी चप्पल काढली. चार पावलं. पाचवं टाकलंच नाही, तिथूनच किंचाळले.

घरी येऊन पाय पाण्यात सोडून बसले आणि विचार करत राहिले. ते वाक्य शेकडो लोकांनी वाचलं, मी स्वतः दहा वेळा वाचलं. पायाचा विचार एकट्या गंगारामने केला. तो माझ्या नायकाला खरा माणूस समजत होता, आणि मी समजत नव्हते! मला त्या माणसाची जरा भीतीच वाटायला लागली.

*

बापूंचं वेगळंच. बापू "खरं सांगतो" म्हणून सुरुवात करतात, तिथेच आम्ही ओळखतो.

त्यांचे एक काका आंजर्ल्याला मुलगी बघायला गेले. आधी कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेतलं, आणि उतरताना घाईत दुसऱ्याच कोणाच्या वहाणा पायात घालून मुलीच्या घरी गेले. बघतात तर मुलीचे वडील अनवाणी अंगणात येताहेत, आणि नजर पाव्हण्यांच्या पायांकडे!

ही गोष्ट बापूंनी तीनदा सांगितली. पहिल्या खेपेला लग्न जमलं. दुसऱ्या खेपेला मोडलं, आणि काका त्या मुलीच्या धाकट्या बहिणीशी बोहल्यावर चढले. तिसऱ्या खेपेला काका लग्नाशिवायच राहिले आणि त्या वहाणा त्यांनी शेवटपर्यंत तेल लावून जपल्या. तिन्ही वेळा हातोडी थांबली!

मी म्हटलं, "बापू, यातलं खरं कुठलं?"

"अगो, तिन्ही वेळा वहाणा त्याच होत्या की नाही?"

मी कथालेखनावरची कितीतरी व्याख्यानं ऐकली आहेत. दोन स्वतः दिली आहेत. पण याच्या पुढे कोणी गेलेलं मला आठवत नाही.

*

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. हातोडी काकूंसाठी थांबली, सरांसाठी थांबली, बापूंच्या थापांसाठी तीनदा थांबली. माझ्यासाठी थांबली ती एकदाच, तीही चूक काढायला!

हसू नका. मला झोपेत ठकठक ऐकू यायला लागलं होतं. नवं काही लिहायला बसले की वाटायचं, इथे थांबेल का तो? आणि पेन पुढे सरकायचं नाही. दोन वर्षं एक ओळ लिहिली नव्हती. मी सगळं करून पाहिलं. भूत सांगितलं, ठकठक. विरह सांगितला, ठकठक. एकदा तर चक्क खून सांगितला, तेव्हा हातोडी दुप्पट वेगाने चालली. बापू म्हणाले, "वसू, तू दर शनिवारी खूनच सांग. माझ्या पेट्या वेळेत होतील!"

आणि यंदा माघात बापूंनी सांगून टाकलं. पुढच्या सीझनपासून पुठ्ठ्याचे बॉक्स. लाकूड परवडत नाही, माणूस मिळत नाही. गंगाराम थकलाय, गावी जाऊन राहतो म्हणतोय. कोपऱ्यात फळ्यांचा शेवटचा ढीग होता. दर शनिवारी मी तो ढीग बघायचे. तो गुडघ्याएवढाच उरला. हा माणूस गेला की मला गोष्ट येते की नाही, हे कोण सांगणार? बक्षीस समिती?

*

शिमग्याच्या आधीचा शनिवार. ढिगात दोन पेट्यांच्या फळ्या उरल्या होत्या.

मी काही ठरवून गेले नव्हते. काकू म्हणाल्या, "वसू, तू पहिली गोष्ट कधी रचलीस गो?" आणि मी कधी कोणाला न सांगितलेलं बोलून गेले.

माझे वडील मुंबईला छापखान्यात होते. आईला वाचता यायचं नाही. पत्र आलं की पाचवीतली मी ते वाचून दाखवायची. वडिलांची पत्रं ठरलेली. "सौ. हिस अनेक आशीर्वाद. गाईला पेंड घालत जावी. कौलं परतून घ्यावीत. मुलीच्या अभ्यासाकडे लक्ष असावे." संपलं! आई चुलीकडे तोंड करून ऐकायची आणि विचारायची, "आणि?"

"आणि काही नाही," असं मी दोन पत्रांना सांगितलं. तिसऱ्या पत्राला माझ्याने सांगवेना. मी कागदाकडे बघत वाचलं, "काल बाजारात आबोलीचा गजरा बघितला. तुझी आठवण झाली."

आईने फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "तेवढं परत वाच." आणि मला ते शब्दाला शब्द तसंच परत वाचावं लागलं! मग प्रत्येक पत्रात मी एक ओळ घालायला लागले. आई आबोली माळायला लागली. गुणगुणायला लागली.

सांगता सांगता कान कोपऱ्याकडेच होता. ठक, ठक, ठक. चालूच! पण आता थांबणं शक्य नव्हतं.

शिमग्याला वडील घरी आले. जेवायला बसले. आई वाढत होती, केसांत आबोली. जरा लाजत म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतंत ना, गजऱ्याचं, म्हणून माळते हो रोज." वडिलांचा घास हातात राहिला. त्यांनी आईकडे बघितलं. मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग आईला म्हणाले, "हो. लिहिलं होतं खरं."

एवढं सांगून मी गप्प झाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सरांनी चष्मा काढला. आणि कोपऱ्यात शेवटचा खिळा बसला. ठक.

थांबली नाही. आईची गोष्ट सांगूनसुद्धा थांबली नाही! रडूच यायला लागलं मला. मी पर्स उचलली.

बापू विषय बदलायला उठले. "झाली का रे शेवटची पेटी?" म्हणत त्यांनी पेटी उचलली आणि जागीच उभे राहिले. पेटी हलवून पाहिली. आत काहीतरी खुळखुळलं.

"गंगाराम! अरे, रिकाम्या पेटीला झाकण ठोकलंस?"

झाकण आंबा भरल्यावर ठोकतात. चाळीस वर्षांत गंगारामची एक पेटी चुकली नव्हती. त्याने पेटीकडे बघितलं. कमरेला चाचपलं. शेजारी चाचपलं. आत खुळखुळत होती ती त्याच्या चंचीतली चुन्याची डबी!

झाकण उचकटायला म्हणून बापू पटाशी आणायला वळले. गंगारामने हात वर केला.

"ऱ्हाऊंदे ती तितंच," तो म्हणाला. हातोडी त्याने जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे वळून बसला. "ताय, मुंबैस परत गेल्यावर त्येनी फुडच्या पत्रात काय लिवलानी, ता सांगा आधी."