कठडा कोणी खाली केला

वॉर्डातले पेशंट तिला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत नाव विचारल्याशिवाय, ते मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिल्याशिवाय तिने कुणाच्या हातावर गोळी ठेवली नव्हती.

सात नंबरचे आजोबा, निवृत्त ड्रायव्हर, वैतागत. "सिस्टर, सकाळपासून नाव बदललेलं नाही माझं."

"मग सांगायला जीभ झिजते का?"

नव्या गोळ्यांनी त्यांना उठलं की घेरी यायची, म्हणून ती खाटेचा कठडा वर करून खिटी लावायची. बाथरूमला जायचं तर घंटा वाजवा. आजोबांचं म्हणणं, आयुष्यभर ट्रक हाकला आणि आता हा पिंजरा.

घरी जायच्या आदल्या दिवशी पेशंटकडून फॉर्म भरून घेत. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, एकावर खूण करायची. तिच्या वॉर्डाचे चेहरे कायम आंबट. अधीक्षकांनी तिला बोलावून घेतलं. "लोक इथं आरामाला येतात, सिस्टर, उलटतपासणीला नाही. मागितलं तर कठडा खाली करून द्यावा. महिनाभरात सुधारलं नाही तर तुम्हाला चादरींच्या स्टोअरला पाठवतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या पाळीत आजवर एक माणूस पडला नव्हता. न पडलेल्या माणसाचा चेहरा कुठल्या फॉर्मवर छापतात?

तिच्या सुटीच्या दिवशी अधीक्षकसाहेब स्वतः राउंडला आले. आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. साहेबांनी आपल्या हाताने खिटी काढली. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार म्हणून फॉर्म हातात आलाच होता; आजोबांनी खुशीत सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. दुपारी बाथरूमला म्हणून एकटेच उठले, आणि खुबा मोडून बसले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो फॉर्म नोटीसबोर्डावर मिरवत होता. ती गोळी घेऊन सात नंबरपाशी गेली. विचारायच्या आत आजोबांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तिच्याकडे बघितलं नाही.

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. "तो फॉर्म काढायला लावा."

"भरला तेव्हा खराच होता ना?"

तिने अपघाताच्या नोंदीचा कागद टेबलावर ठेवला. बाकी सगळं लिहून झालं होतं. कठडा कोणी खाली केला, एवढीच ओळ कोरी होती. तिने पेनाचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांगा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. विचारून लिहायची पद्धत आहे. स्टोअरची ऑर्डर नंतर काढा. आधी नाव."