'आधार आहे' अशी खूण

मनोरुग्णालयातला एक जुना वॉर्ड बंद झाला आणि तिथल्या बायका 'समाजात' परत पाठवल्या गेल्या. पुढे त्यांचं काय होतं, याचा अभ्यास करायला मला मारेगाव तालुक्यात नेमलं होतं. आमच्या कागदांत पानोपानी समाज होता. मी पाहिलेला समाज म्हणजे एक विधवा भावजय.

तिची नणंद पुष्कळ वर्षांनी परत आली, तोवर भाऊ वारला होता. रक्ताचं कोणी उरलं नव्हतं, तरी भावजयीनं तिला ठेवून घेतलं. कापूस वेचायला जाताना सोबत न्यायची. वेचणीत प्रत्येक बाईला झाडांच्या ओळी वाटून देतात, त्याला पात म्हणतात. नणंदेची पात ती मुद्दाम स्वतःच्या आणि शेजारणीच्या मधे लावायची. नणंद मागे पडली की दोघी दोन्हीकडून हात घालून तिची पात काढून द्यायच्या. उपकार केल्याचा आव कोणी आणत नव्हतं. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून हे बघितलं, भारावले आणि फॉर्ममधल्या 'कौटुंबिक आधार आहे' या चौकटीत ठसठशीत खूण केली.

त्या खुणेनं घात केला. घरी गोळ्या आणून देणारी नर्स फक्त निराधारांसाठी, असा नियम निघाला आणि माझ्याच फॉर्मवरून या घरची फेरी बंद झाली. भावजय एकटी तालुक्याच्या दवाखान्यात गेली, तर 'पेशंटला आणा' म्हणून तिला परत पाठवलं. पेशंटला नेलं, तर ती गर्दीला घाबरून एसटीतून मधेच उतरली. गोळ्यांत खंड पडला. काही दिवसांत नणंद हिरवी बोंडं ओरबाडायला लागली आणि शेतमालकानं तिला आणू नका म्हणून सांगितलं. जिनं सांभाळलं तिलाच शिक्षा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर माझ्या हातचा होता.

मी ऑफिसात जाऊन भांडले. साहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "घरात ठेवलंय ना? मग आधार आहेच. वेगळी काढली असती तर निराधारांत बसली असती."

हे भावजयीला सांगताना माझा आवाज संतापानं चिरकत होता. ती तूर पाखडत होती.

"मंग तसंच लिवा ना मॅडम. भावजयीनं इले वेगळं काढलं म्हनून."

"खोटं कसं लिहू? गावात तुमचं नाव खराब होईल."

"नाव काय चाटाचं हाये? तिले गोया पायजे."

मी लिहिलं. आमच्या अभ्यासात आजही ती बाई नणंदेला टाकणारी म्हणून नोंदलेली आहे. ते वाचून हळहळणारे विद्वान मला भेटतात आणि माझं डोकं फिरतं.

फेरी पुन्हा सुरू झाली. नर्स पहिल्यांदा येणार त्या सकाळी भावजयीनं नणंदेची बाज गोठ्यात नेऊन ठेवली. नर्सनं ती बाज बघितली आणि चार शेजारणींच्या देखत भावजयीला झाडलं, "लाज नाही वाटत, आजारी माणसाले ढोरात टाकते?"

मी तोंड उघडणार, तोच भावजयीनं माझा हात दाबला.

"चुकलं माहं," ती नर्सला म्हणाली. "गोया किती दिवसाच्या देता?"