सरताज, रड्या आणि बॉनेटवरची काच

घोडी लावायची वेळ झाली की मी घरात जाऊन चहा प्यायचा, असा जगनआबांच्या तबेल्याचा रिवाज. नर आणि घोडी समोरासमोर आणतात तिथे बाईमाणूस थांबत नाही. मी जनावरांची डॉक्टर असले तरी आधी बाईमाणूस. इतकी वर्षं मी तो चहा निमूट प्यायले. त्या दिवशी गाडीपासून हलले नाही.

"मॅडम, घरमा जा. चहा ठेयेल शे," आबा आपल्या अहिराणीत म्हणाले.

"नंतर पिईन," मी म्हणाले.

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आवारात बसलेल्या घोडीवाल्यांकडे. एवढ्या लोकांसमोर बाईला ओढून आत नेता येत नाही. 

तापीकाठचं हे गाव, नाव सांगत नाही. आबांचा सरताज नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक. काळाभोर, कान टोकाला टोक लागणारे, अंगावर केसांचा एकही खोटा भोवरा नाही. यात्रेच्या घोडेबाजारात त्याच्याभोवती मोबाईल धरलेल्यांची गर्दी असते. त्याची शिंगरं चांगल्या घरी गेलेली. त्यामुळे लांबलांबून लोक घोड्या घेऊन येतात.

त्या दिवशी पहिला नंबर विसरवाडीच्या कासमभाईंचा होता. वरातीची घोडी ठेवणं हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. नवापूर, खांडबारा, चिंचपाडा, तिकडचे निम्मे नवरदेव त्यांच्या पांढऱ्या नूरीवर बसून मारुतीला गेलेत. पण आमच्याकडे वांझ घोडीवर नवरदेव बसत नाही. घोडीवर एकदा तो शिक्का पडला की वरातीची सुपारी येणं बंद. नूरी सरताजकडून दोनदा फिरली होती. फिरली म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. तिसऱ्यांदा फिरली की खोट घोडीत, असं सगळे धरून चालतात. खोट नरात असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. ही नूरीची तिसरी खेप होती.

आता जे बाहेर कुणाला बोलले नव्हते ते लिहिते. नूरीत खोट नाही, हे मला माहीत होतं. सरताजमध्ये आहे, हेही.

आदल्या उन्हाळ्यात सरताजला जोराचा ताप आला होता, अंडकोश सुजले होते. उपचार मीच केले. घोडा उठला, खायला लागला, पूर्वीसारखा खिंकाळू लागला. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. पण अशा तापानंतर बीज तपासायचं असतं. नर घोडीवरून उतरताना चार थेंब पडतात, ते धरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मला तिथे थांबायची सोय नव्हती. तबेल्यातल्या माणसाने वाटीत थेंब आणून दिले आणि मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासले. एकही शुक्रजंतू हलत नव्हता. पुन्हा मागवले, पुन्हा तेच. आबा म्हणाले, वाटी आणेपर्यंत गार झालं असेल. थंडी लागली तर बीज मरतं, हे खरं आहे. वाटी गरम पाण्यात ठेवून आणली होती, हेही खरं आहे. मी मान डोलावली. आबांनी हंगाम संपेपर्यंत कुठे बोलू नका म्हणून सांगितलं. मी बोलले नाही.

मग त्या हंगामात फिरलेल्या घोड्या माझ्याकडेच तपासायला आल्या. धडगावकडच्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याची डोंगरात ओझी वाहणारी घोडी होती. हिच्यात काय कमी आहे, असं त्याने मला मोडक्या मराठीत विचारलं. मी म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत त्याने ती ठेवली नाही. कुठे गेली, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्या सकाळी नूरीला तपासताना कासमभाईंनी सांगितलं, खांडबाऱ्याच्या एका घरून निरोप आलाय, घोडी दुसरी केली म्हणून. मग हळूच म्हणाले, "मॅडम, एकच सांगा. घोडीमा खोट शे का?"

"नाही."

"मंग?"

त्या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर होतं. मी गाडीच्या डिकीतून सूक्ष्मदर्शक काढला आणि बॉनेटवर ठेवला. इंजिन अजून गरम होतं, काचा त्याच पत्र्यावर मांडल्या. खालचा आरसा उन्हाकडे फिरवला.

आधी रड्याला आणलं. हा आबांचाच दुसरा घोडा. आमच्या भाषेत याला टीझर म्हणतात. घोडी माजावर आहे की नाही, हे बघायला त्याला फळीपलीकडे उभा करतात. तिने लाथ झाडली तर अजून वेळ आहे, शेपूट बाजूला केली तर तयार आहे. ती तयार दिसली की याला ओढून नेतात आणि खरा नर आणतात. विचारायचं याने, लग्न दुसऱ्याचं. अंगाने रड्या सरताजच्या तोडीचा. पण त्याच्या डोळ्याखाली भोवरा आहे. डोळ्यातून पाणी वाहतं तिथे असा भोवरा असला की घोडा घरात रडणं आणतो, असं मानतात. म्हणून नाव रड्या.

नूरी तयार होती. रड्याला नेलं, सरताजला आणलं. त्याने काम रुबाबात केलं. तो उतरताना मी गरम वाटी घेऊन पुढे झाले. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी तोंड फिरवलं. थेंब काचेवर घेतला, पाहिलं. बीज होतं, सगळं निपचित.

"आबा, यातलं काही हलत नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ताप आल्यापासून असंच आहे. मला माहीत होतं."

आबा जवळ आले. आवाज खाली होता. "मॅडम, तुम्ही मन्हा डॉक्टर शेतस ना?"

"सरताजची डॉक्टर आहे. तो बरा झालेला नाही."

"काच थंडी शे तुमनी."

मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. पत्रा अंगाएवढा गरम होता. त्यांनी हात मागे घेतला.

घोडीवाल्यांत एकजण म्हणाला, मॅडमचा चष्मा बदला. हशा झाला. त्या हशातच कासमभाई पुढे आले. म्हणाले, अशाच काचेवर दुसऱ्या नराचं दाखवा. आणि त्यांनी रड्याकडे बोट केलं.

आबा आता मोकळे हसले. "लाव, लाव त्याले. मंग तुन्हा घरमा रडारड व्हई, माले सांगू नको."

"घोडी मन्ही शे, आबा," कासमभाई म्हणाले. "रडसू ते मी रडसू."

सगळ्यांसमोर 'लाव' म्हणून बसल्यावर आबांना मागे फिरता येईना. रड्याला सोडलं. बिचाऱ्याला सवय अशी की फळीपाशी येऊन तो आपणच थांबला. पुढे जायचं आहे, हे त्याला थोपटून सांगावं लागलं.

रड्याचा थेंब घेतलेली दुसरी काच मी कासमभाईंनाच दिली बघायला. त्यांनी टोपी मागे सारली, एक डोळा मिटला आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"यात्रा भरेल शे आठे," ते काचेकडे बोट करून म्हणाले. मग पहिली काच मागितली. ती पाहून उठले. "आनी आठे कोनी नई."

त्यानंतर मला काही समजावावं लागलं नाही. घोडीवाले एकेक करून वाकले. चष्म्याचं म्हणणाराही वाकला. आबांनीच तेवढं पाहिलं नाही. ते सरताजच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि तरी मी काचा उचलल्या नाहीत.

थोड्या वेळाने आबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहाचा कप घेऊन थेट आवारात आल्या. घोडी लावायच्या वेळेला त्या कधी बाहेर येत नसत. कप बॉनेटवर ठेवला. मग वाकून त्यांनीही काचेतून पाहिलं आणि आत निघून गेल्या.

आबांनी मला पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्या शब्दाखातर आणखी दोन तबेले सुटले. एका सहकाऱ्याने ऐकवलं की मालकाची गोष्ट मालकाच्या दारात उघड करणं धंद्याला धरून नाही. नसेल. फिरलेल्या घोड्यांच्या मालकांचीही मी डॉक्टर होते, तेव्हा कुणी धंद्याची आठवण करून दिली नाही.

नूरी फिरली नाही. वर्ष सरायच्या आत व्याली. शिंगरू काळं, आणि डोळ्याखाली बापाचा भोवरा. पुढच्या हंगामात खांडबाऱ्याच्या वरातीत नूरी पुढे आणि शिंगरू तिच्या पोटाला चिकटून, असं मी रस्त्याकडेला गाडी थांबवून पाहिलं. कुणीतरी भोवरा दाखवला तर कासमभाई म्हणाले, "शे ते शे."

सरताज यात्रेत अजून सजून येतो, फोटोपुरता. रड्या आता फळीपाशी थांबत नाही.

मी धडगावला जाऊन आले. म्हाताऱ्याला खरं काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. घोडी परत आली नाही, तो हिशेब माझ्याकडेच आहे.

तर शिकले ते एवढंच. तपासायचं आधी नराला, मग घोडीला. चहा सगळ्यात शेवटी, आणि बाहेर.