उजव्या रेषेवरून येणारा गार्ड

माझे वडील पत्रही पत्रकासारखंच लिहितात. आधी गेटवरची सभा, मग चाळीतल्या पाण्याचा प्रश्न, आणि तिसऱ्या ओळीत, त्याच अक्षरात, त्याच शाईत : ‘मोरेश्वर गेला. कावीळ. नवापूरला, गेल्या मंगळवारी.’ चौथ्या ओळीत पुन्हा पाणी. पुण्यात ज्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते, तिथे उभ्याउभ्याच ते अंतर्देशीय पत्र वाचलं आणि पुढचा बराच वेळ मी एकच ओळ तपासत बसले. वडिलांना दुःख लिहिता येत नाही. मला येतं, असा माझा समज होता. महिना झाला, आज पहिल्यांदा लिहायला बसते आहे.

मोरेश्वर नवापूरच्या कोळीवाड्यातला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, वडील ज्या कारखान्यात युनियनचं काम करत, तिथेच तो लेथवर होता, पण टेम्पररी. म्हणजे काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड, आणि चार वर्षं जुना माणूस कागदावर पुन्हा नवा. त्याला पर्मनंट व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. पर्मनंट झालो की बायकोच्या डोक्यावरची मासळीची टोपली उतरवीन, असं तो म्हणायचा. हिरावहिनी बोईसरच्या बाजारात बसूनच त्याला उत्तर द्यायची, की तू हो पर्मनंट, टोपली कवा उतरवायची ते माझं मी बगीन. कारखान्याच्या कँटीनमागे सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट होतं, कारण कुठल्याशा साहेबाला खेळाची आवड होती. मोरेश्वर तिथेच खेळायला शिकला आणि दोन वर्षांत कारखान्याच्या संघाचा गार्ड झाला. गार्ड म्हणजे आपल्या बाजूने चेंडू समोरच्या बाजूला आणणारा आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणारा खेळाडू.

मीही गार्डच होते, पालघरच्या कॉलेजच्या मुलींच्या संघात, आणि वाईट होते. आमच्या घरात पाळण्यानंतरची पहिली वस्तू पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र होती. मी अक्षरं शिकले ती ‘एकजुटीचा विजय असो’मधून. खेळ ही कामगाराला झुलवत ठेवायची युक्ती आहे, असं एक पत्रक मी सोळाव्या वर्षी लिहिलं होतं आणि त्याच संध्याकाळी सरावाला गेले होते. मला मोरेश्वर आवडायचा तो तत्त्वासाठी. तो स्वतः सहसा बास्केट मारायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. मोकळा असला तरी द्यायचा. मला त्यात सगळा समाजवाद दिसायचा.

एकदा शिफ्ट सुटल्यावर वडील मला त्या कोर्टावर घेऊन गेले आणि त्याला म्हणाले, हिला जरा बघ. त्याने मला कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू टप्पे देत न्यायला लावलं आणि परत आल्यावर विचारलं, वाटेत कँटीनच्या दारात कोण उभं होतं. मला सांगता येईना. मी चेंडूकडे बघत होते.

“त्याच्याकडं कशाला बगतेस, बाय? हाताला म्हाईत हाय तो कुठं हाय. डोलं दुसऱ्या कामाला लाव.”

मग महिनाभर तेच. डावा हात कच्चा म्हणून फक्त डाव्या हाताने. मी टप्पे देत चालायची आणि तो बाजूने चालत प्रश्न विचारायचा : पाण्याच्या टाकीवर कावळे किती, साहेबाची गाडी आली का, तुझा बाप कुणाशी भांडतोय. उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शरीर चेंडू आणि समोरच्याच्या मध्ये ठेव, गुडघे वाकव, चेंडू कमरेच्या वर जाऊ देऊ नकोस... हे सगळं मला पुस्तकातही मिळालं असतं. पण कावळे मोजत चेंडू खेळवायचा हे कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

मोठ्या खेळाडूंचं त्याला वेड होतं, पण भक्ती नव्हती. हे असं का करत असतील, याचं त्याला कुतूहल होतं. पालघरच्या एका शाळेच्या मैदानावर खुल्या स्पर्धा होत. एका वर्षी बाहेरगावच्या संघातून देशासाठी खेळलेला एक गार्ड आला होता. आम्ही सगळे त्याचे हात बघत होतो. मोरेश्वरने मला कोपराने ढोसलं आणि पाय बघायला सांगितले. तो मनुष्य फार जोरात पळत नव्हताच. तो हळू व्हायचा, समोरचा सैल पडायचा, आणि मग तो निघून जायचा. “थांबतो म्हनून जोरात वाटतो,” मोरेश्वर म्हणाला. सामना संपल्यावर लोक सही मागत होते. हा पुढे गेला आणि हिंदीत विचारलं, की खेळताना आप देखते किधर हो? त्या गार्डने घाम पुसत त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं. म्हणाला, “कमर देखता हूँ. आँख झूठ बोलती है, कमर नहीं.” बोईसरपर्यंत येताना मोरेश्वर हेच पुन्हा पुन्हा बोलत होता. एवढा मोठा माणूस, आणि त्यालाही डोळ्यांवर भरवसा नाही, याचा त्याला इतका आनंद का झाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग मी त्याच्याकडेच तसं बघायला लागले. मला त्याच्या तीन सवयी दिसल्या आणि एकाही सवयीचं कारण सापडेना. एक म्हणजे, तो चेंडू नेहमी उजव्या रेषेला चिकटून वर आणायचा, चेंडू उजव्या हातात, मान किंचित उजवीकडे वळलेली. त्या वळलेल्या मानेमुळे समोरचे फसायचे, कारण तो बघतोय एकीकडे असं वाटायचं आणि पास जायचा डावीकडे. पोरं त्या मानेची नक्कल करत. दुसरं म्हणजे, कँटीनमागच्या कोर्टावर फक्त दोन जागांवरून तो स्वतः बास्केट मारायचा, आणि तिथून सहसा चुकायचा नाही. तिसरं सगळ्यांत विचित्र. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर तो लांबून मारायचाच नाही. त्या वर्षी पालघरच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी तो एकटा, मोकळा, रिंगसमोर पण थोडा लांब होता आणि त्याने चेंडू दोघांनी घेरलेल्या फॉरवर्डला दिला. सामना गेला. टेम्पोतून परतताना संघाने त्याची सालटी काढली. तो हसत होता.

त्या दोन जागांवर मी जाऊन उभी राहिले. एका जागेवरून बोर्डाचा खांब बरोबर मागच्या टाकीच्या शिडीवर येतो. दुसरीवरून रिंगची कड धुराड्याच्या पट्ट्याला भिडते. नवापूरचे लोक समुद्रात जागा अशीच शोधतात, हे मला वडिलांच्या एका मित्राने सांगितलं होतं : किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की खाली हवी ती जागा. तो रिंगचं अंतर डोळ्याने मोजतच नव्हता. त्याने रिंग खुणांवर लावून घेतली होती. पण का? दोन चांगले डोळे असलेल्या माणसाला याची काय गरज?

दुसऱ्या दिवशी सरावात मी त्याच्या उजवीकडून, न हाक देता, साधा पास दिला. चेंडू त्याच्या कानशिलावर आदळला. सगळे ओरडले, मोरूदादा झोपला. त्यानंतरच्या दिवशी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. तो बूट बांधत बसला होता. मी त्याच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर गेले आणि त्या बाजूच्या डोळ्यासमोर दोन बोटं धरली. तो लेस बांधत राहिला.

“बोटं खाली घे,” तो मान न वळवता म्हणाला. “तुझी चप्पल वळखतो मी.” मग लेसची गाठ ओढून, “कवा कळलं तुला?”

“काल.”

“चार वरसं झाली हतं येऊन. तू पयलीच.”

मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांचा असताना होडी ओढून घेताना ताणलेला दोर तुटला आणि उजव्या डोळ्यावर बसला. डोळा शाबूत राहिला, नजर गेली. म्हणून उजवी रेषा : त्या बाजूला कोणी नसतं, सगळं कोर्ट डावीकडे येतं. म्हणून वळलेली मान : चांगला डोळा मधोमध येतो. आणि चेंडू नेहमी न दिसणाऱ्या बाजूला, म्हणून त्याच्याकडे बघायचा मोहच नाही. एका डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून खुणा, आणि जिथे खुणा नाहीत तिथे पास. कुणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. ते सांगावं लागतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तो ज्या गावातून आला होता तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. आणि मी ज्या घरातून आले होते तिथे जे खरं आहे ते छापायचं असतं.

त्या दिवसांत युनियनने अकरा टेम्पररी कामगारांना पर्मनंट करण्याची मागणी लावली होती. यादीत मोरेश्वरचं नाव होतं. युनियनच्या पत्रकाची मागची बाजू मी लिहायचे. वडील सुरतेला गेले होते, स्टेन्सिल माझ्या हातात होतं. मी एका बैठकीत लिहून काढलं : उजवीकडचं काही न कळता एका डोळ्याने सगळं मैदान बघणारा हा कामगार, याला तुम्ही चार वर्षं नवा म्हणता? मला ते फार चांगलं जमलं होतं. अजूनही जमलेलंच वाटतं, हेच वाईट आहे. सोमवारी सकाळी ते गेटवर लागलं. लोकांनी मोरेश्वरच्या पाठीवर थापा मारल्या. गुरुवारी त्याला कारखान्याच्या दवाखान्यात बोलावलं आणि एक-एक डोळा झाकून अक्षरांची पाटी वाचायला लावली. यादी लागली तेव्हा नावं दहा होती.

लेथवर दोन्ही डोळे लागतात, असा नियम होता. तो नियम मुळात चुकीचा नव्हता, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली. पण चार वर्षांत त्याच्या हातून एक अपघात नाही, एक माल वाया नाही, हेही तितकंच खरं, आणि दुसरं काम देऊन त्याला पर्मनंट करता आलं असतं, हेही. वडील वर्षभर व्यवस्थापनाशी भांडले. आणि त्यानंतर माझं लिहिलेलं प्रत्येक स्टेन्सिल ते आधी वाचू लागले. मोरेश्वर नवापूरला परत गेला, भावाच्या होडीवर.

तीन महिने मी तिकडे फिरकले नाही. मग एका रविवारी रिक्षाने गेले. तो जाळं विणत बसला होता. मी जे पाठ करून आणलं होतं ते बोलायला लागले आणि त्याने मला मध्येच थांबवलं.

“खोटं काय लिवलं नव्हतंस.”

“पण तुझी नोकरी...”

“गेली. ती गेलीच.” त्याने जाळ्यातून सुई ओढून घेतली. “एकदा इचारायचं व्हतंस, बाय. मी नको म्हनलो असतो. मग तू भांडली असतीस. तरी मी नकोच म्हनलो असतो.”

यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो पुढे म्हणाला, आणि एक चूक केलीस. मला उजवीकडचं काहीच कळत नाही असं लिहिलंस. दिसत नाही. कळतं. चप्पल कळली की नाही? मग त्याने विचारलं, डावा हात कसा आहे. मी म्हटलं, खेळ सोडला. तेव्हा मात्र तो रागावला. त्याच्या रागामुळे मी परत कॉलेजच्या मैदानावर गेले आणि शेवटची दोन वर्षं खेळले. बरी खेळले. त्याच्यासारखी नाही.

गेल्या आठवड्यात नवापूरला जाऊन आले. हिरावहिनीने चहा दिला. टोपली अजून तिच्या डोक्यावरच आहे. मी तिला विचारलं, की मला त्याच्यावर लिहायचं आहे, डोळ्याचंही, नोकरीचंही... चालेल का. मी मनाशी ठरवलं होतं की नाही म्हणाली तर भांडायचं नाही, आणि लिहायचंही नाही.

“लिव,” ती म्हणाली. “आता कोन तपासनार हाय त्याला.” आणि कप उचलता उचलता, “तुझं पन लिव त्यात. काय केलंस ते.”

लिहिलं आहे.

उठताना ती म्हणाली, चल, तो होडी लावायचा ती जागा दाखवते. गल्लीत मी तिच्या उजव्या बाजूला चालायला लागले. तिने माझा दंड धरला आणि मला पलीकडच्या बाजूला केलं. हतं नको, म्हणाली, त्याच्या या बाजूला मी असते. मला आधी कळलं नाही. मग दिसलं की ती मला अगदी लगत चालू देत नव्हती. एका माणसाएवढी जागा सोडून, ती उजवीकडे, मी डावीकडे, अशा आम्ही किनाऱ्याकडे गेलो. समोरून मासळीच्या पाट्या घेऊन बाया येत होत्या. गल्ली अरुंद होती, तरी आमच्या मधून कोणीच गेलं नाही.