तिनं पाय चोळला नाही

लांबच्या प्रवासानंतर माझी डावी पोटरी सुजून दुखत होती, म्हणून शंकर नगरच्या स्पामध्ये मालिश करून घ्यायला गेले. तिथल्या मुलीनं उलट्या हातानं दोन्ही पोटऱ्यांची ऊब पाहिली आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"मी मालिश नाही करत, दीदी. आधी डॉक्टरले दाखवा."

"काहून?" मी चिडूनच विचारलं.

"एकच पाय सुजला अन् गरम असला तर चोळायचा नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं आम्हाले."

तपासणीत पोटरीत रक्ताची गाठ निघाली. पोटरी चोळली असती तर गाठ फुप्फुसात जाऊ शकली असती, असं डॉक्टर म्हणाले.

औषधानं बरी झाल्यावर आभार मानायला गेले. तिला माझा चेहरा आठवेना. डाव्या पायाचं सांगितलं, तेव्हा तिचे खांदे सैल पडले.

"त्या पायाचं काय झालं असंन, रोज आठवण येत होती, दीदी. पण नाव माहीत नव्हतं, विचारू कोणाले?"