टिच बटणांची गुणसूत्रं

माझी भाची जन्मापासून आंधळी आहे. घरात तिला सगळे भुंगा म्हणतात, कारण एखादी गोष्ट कळेपर्यंत ती समोरच्याचं डोकं पोखरते. दहावीनंतर तिने ठरवलं, विज्ञानच घ्यायचं. जीवशास्त्राचे सर म्हणाले, "बाळ, पेशीविभाजन हे डोळ्यांनी बघायचं प्रकरण आहे. तेवढं मला समजावून दाखव, मग वर्गात घेतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुंगा मात्र शांतपणे म्हणाली, "चालेल."

मी कपडे शिवते. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच तुटला, तोही दोघांच्या संमतीने. पण ती रोज दुकानात येऊन धडा ऐकवायला लागली, तेव्हा मी कात्री घेतली. भरतकामाची मोठी रिंग म्हणजे पेशी. एक गुणसूत्र म्हणजे हुबेहूब सारख्या दोन पट्ट्या, मधोमध टिच बटणाने जोडलेल्या. रिंगच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना हुक, एका हुकापासून एका पट्टीला इलॅस्टिक, दुसऱ्यापासून तिच्या जोडीच्या पट्टीला. दोन्हीकडून सारखा ताण बसला की गुणसूत्रं मधल्या रेषेत येऊन उभी राहतात. पहिली रिंग वाकडी झाली, दुसरीची बटणं भलत्या वेळी उघडली. "मावशी, उसव," एवढंच ती म्हणायची. गिऱ्हाइकांचे कपडे खोळंबले, शिव्या मी खाल्ल्या.

सरांसमोर तिने रिंग मांडीवर घेतली आणि समजवायला लागली. तेवढ्यात सरांनी एका गुणसूत्राचं एका बाजूचं इलॅस्टिक हळूच हुकावरून काढलं आणि मला गप्प राहायची खूण केली. माझी कात्री दुकानात राहिली होती, हे त्यांचं नशीब.

भुंग्याची बोटं रांगेवरून सरकत गेली आणि थांबली.

"हे सैल आहे. एकाच बाजूने ओढलंय."

"बाकीची आहेत ना रांगेत?" सर म्हणाले. "होऊ दे की विभाजन."

"नाही होणार. एक जरी सैल असलं तरी पेशी थांबते. घाई केली तर एकीकडे जास्त जातील, दुसरीकडे कमी पडतील." तिने चाचपून इलॅस्टिक पुन्हा अडकवलं, ताणून बघितलं आणि मगच दोन्हीकडून ओढलं. बटणं पटापट उघडली.

सर पुढे झुकले. "पण सैल आहे हे पेशीला कळतं कसं?"

"ताणावरून. तिला तरी कुठे डोळे आहेत, सर?"

सरांनी रिंगवरून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "उद्यापासून वर्गात ये."

मी तिथेच ढसाढसा रडले. भुंग्याने माझा दंड पकडला. "मावशी, रडून झालं की सांग. पुढचा धडा हृदयाचा आहे, चार कप्पे शिवायचेत."